मुलांच्या चित्रपटातली विडी: पट्टी वेगळी, प्रमाणपत्र वेगळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते आपला पहिलाच मराठी चित्रपट करत आहेत आणि चित्रीकरण अजून सुरू व्हायचे आहे. कथा सोलापुरातली आहे. बारा वर्षांच्या एका मुलाची आजी घरी विड्या वळते, आजोबा त्या ओढतात, आणि चित्रपटाच्या मध्यावर तो मुलगा आजीच्या सुपातली एक विडी उचलून गच्चीवर जातो आणि ओढून पाहतो. हा चित्रपट शाळाशाळांतून दाखवावा, असा त्यांचा मानस आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. अशा चित्रपटाला ‘यू’ (सर्वांसाठी) किंवा निदान ‘यूए ७+’ (सात वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सल्ला) प्रमाणपत्र मिळेल का? पडद्याच्या तळाशी येणारी तंबाखूच्या इशाऱ्याची पट्टी ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र घेतले तर टळेल का? आणि पडद्यावरची विडी पाहून मुले खरोखर ओढू लागतात, की हा नुसता सरकारी बाऊ आहे?

मी बऱ्याच वर्षांपासून मराठी चित्रपटांच्या पोस्ट-प्रॉडक्शनचे काम पाहतो. त्या कामाचा शेवटचा टप्पा म्हणजे सेन्सॉरची फाइल तयार करणे, परीक्षण समितीच्या शंकांना उत्तरे देणे आणि सुचवलेले बदल करून अंतिम प्रत सादर करणे. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते वकिलाचे मत नाही. फाइल घेऊन त्या टेबलासमोर बसणाऱ्या माणसाचे आहे. समितीतले सदस्य दर वेळी निराळे असतात आणि तेच दृश्य एका समितीला चालते, दुसरीला खटकते. म्हणून ‘अमुक प्रमाणपत्र नक्की मिळेल’ असे तुम्हाला कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तुमच्या तीन प्रश्नांच्या मागे एकच गोंधळ आहे आणि तो बहुतेक नवीन निर्मात्यांचा असतो. पट्टी आणि प्रमाणपत्र या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू आहेत, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे नाही. प्रमाणपत्र १९५२ च्या चलच्चित्रपट कायद्याखाली मिळते आणि तो कायदा माहिती व प्रसारण मंत्रालयाचा आहे. पट्टी, सुरुवातीच्या त्या आरोग्यविषयक चित्रफिती आणि आवाजातला इशारा हे सगळे २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या नियमांतून येते आणि ते नियम आरोग्य मंत्रालयाचे आहेत. दोन्हींची अंमलबजावणी तुम्हाला एकाच दारात, सेन्सॉर मंडळातच, भेटते, म्हणून ती एकच वाटते. पण पट्टीच्या नियमाला तुमचे प्रमाणपत्र कोणते आहे याच्याशी काही देणेघेणे नाही. प्रौढांसाठीच्या चित्रपटातही पट्टी येते, मुलांच्या चित्रपटातही येते. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो: ‘ए’ घेतल्याने पट्टी टळणार नाही, उलट शाळांची दारे मात्र कायमची बंद होतील.

हे नियम आजच्या रूपात कसे आले ते ठाऊक असले, की त्यांचा स्वभाव कळतो. २००५ साली आरोग्य मंत्रालयाने पडद्यावर तंबाखू दाखवण्यावर सरसकट बंदी घालणारे नियम आणले होते. चित्रपटसृष्टीतून त्यांना आव्हान दिले गेले, दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला, आणि जानेवारी २००९ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली. त्यानंतर सरकारने बंदीऐवजी इशाऱ्यांचा मार्ग धरला. २०११ मध्ये नवे नियम आले, त्यांत दुरुस्ती होऊन २ ऑक्टोबर २०१२ पासून आजची पद्धत सुरू झाली. तुमच्या चित्रपटात तंबाखूचा पदार्थ किंवा त्याचे सेवन दिसत असेल, तर सुरुवातीला आणि मध्यावर किमान तीस-तीस सेकंदांच्या आरोग्यविषयक चित्रफिती, तसेच सुरुवातीला आणि मध्यावर किमान वीस-वीस सेकंदांचा दृक्‌श्राव्य इशारा, आणि जितका वेळ तंबाखू पडद्यावर आहे तितका वेळ तळाशी स्थिर संदेश, हे सगळे चित्रपटाच्याच भाषेत द्यावे लागते. संदेश पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या ठळक अक्षरांत असावा लागतो, त्यामुळे तो फ्रेममध्ये मिसळून जाण्याची आशा सोडा. तो डोळ्यांत खुपावा यासाठीच तसा आहे. यावर रागावणारे तुम्ही पहिले नाही. २०१३ साली अमेरिकन दिग्दर्शक वुडी ॲलन यांनी आपल्या चित्रपटात असे इशारे टाकायला नकार दिला आणि तो चित्रपट भारतात प्रदर्शितच झाला नाही. पुढे श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये, पट्टीऐवजी सुरुवातीलाच एक नीट इशारा द्यावा, असे सुचवले होते. पट्टी मात्र आजही आहे, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही जवळपास हेच सगळे लागू झाले आहे, म्हणून ‘थिएटर सोडून थेट ओटीटीवर जाऊ’ ही पळवाटही उरलेली नाही.

इथे तुमच्या चित्रपटापुरता एक मुद्दा नीट समजून घ्या. नियम केवळ ओढण्याबद्दल नाही, तंबाखूचा पदार्थ दिसण्याबद्दल आहे. आजी मांडीवर सूप घेऊन पानात तंबाखू भरते, विडी वळते, दोरा गुंडाळते. त्या घरात कोणी एकही झुरका घेतला नाही, तरी ही दृश्ये पट्टीच्या कक्षेत येतात. विडी वळणे हा आजीचा रोजगार आहे म्हणून सूट मिळेल, असे समजू नका. मागे पानटपरी दिसली, काचेत पुड्या लटकताना दिसल्या, तरी तेच. शिवाय बंडलावरचे लेबल, टपरीवरची पाटी, कारखान्याचे नाव, यांतले कोणतेही खरे ब्रँडचे नाव वाचता येता कामा नये; ते झाकावे किंवा धूसर करावे लागते. पोस्टरवर आणि ट्रेलरमध्ये तर विडी नकोच.

आता प्रमाणपत्र. १९८३ पासून आपल्याकडे ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये ‘यूए’ आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या एका ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. तुमच्यासारख्या चित्रपटाला ही दुरुस्ती उपकारक आहे, कारण पूर्वी किरकोळ खटकणाऱ्या गोष्टीमुळे ‘यू’ हुकला, की मुलांचा चित्रपट आणि मारधाडीचा चित्रपट एकाच ‘यूए’त जाऊन बसत. पण ही तीन वये पालकांना दिलेल्या सल्ल्याच्या स्वरूपाची आहेत. सोळापेक्षा लहान मुलाला ‘यूए १६+’ चित्रपटाच्या दारातून परत पाठवण्याचा अधिकार थिएटरला नाही. ते पालकांनी ठरवायचे. बंधनकारक मनाई फक्त ‘ए’ची. शाळेचे मात्र वेगळे असते. मुख्याध्यापकांच्या हातात जेव्हा ‘यूए १३+’ छापलेले पोस्टर येते आणि प्रेक्षक पाचवी-सहावीचे असतात, तेव्हा ते कायदा वाचत बसत नाहीत, सरळ नकार देतात. म्हणून तुमची खरी लढाई ७+ आणि १३+ यांच्यातल्या रेषेवर आहे. ‘यू’ची आशा, मुलगा विडी ओढतो हे दृश्य ठेवून, मी धरणार नाही.

ही रेषा कशावरून ठरते? मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे १९९१ ची आहेत आणि त्यांत तंबाखूविषयीचे कलम असे आहे, की तंबाखूसेवनाला किंवा धूम्रपानाला उत्तेजन देणारी, त्याचे समर्थन करणारी किंवा त्याला मोहक रूप देणारी दृश्ये दाखवली जाऊ नयेत. तंबाखू दिसूच नये, असे त्यात म्हटलेले नाही. किती झुरके चालतील याचा आकडाही त्यात नाही. त्यामुळे समितीत बसलेली माणसे जे पाहतात ते हे: ओढणारा कोण आहे, तो प्रेक्षकाला कसा वाटावा अशी दिग्दर्शकाची इच्छा आहे, आणि ओढल्यावर दृश्यात काय होते. म्हातारे आजोबा अंगणात खोकत विडी ओढतात, यावर माझ्या अनुभवात कोणी अडून बसत नाही. तोच झुरका एखाद्या देखण्या काकाने, मोटारसायकलला टेकून, पार्श्वसंगीताच्या साथीने घेतला, की समितीतले कोणीतरी कागदावर काहीतरी लिहू लागते. ओटीटीच्या २०२१ च्या नियमांत तर मद्य, धूम्रपान आणि तंबाखू हा वयोगट ठरवण्याचा स्वतंत्र निकष आहे, आणि ‘अनुकरण होईल असे वर्तन’ हा त्याशेजारचा दुसरा निकष. चित्रपटगृहासाठीच्या समित्याही मुलांच्या चित्रपटाकडे बहुधा याच दोन नजरांनी पाहतात.

म्हणजे इथपर्यंतचे असे: पट्टी तंबाखू दिसण्यावर ठरते आणि तिच्यात वाटाघाट नाही, वयोगट दृश्याच्या अर्थावर ठरतो आणि तो पुष्कळसा तुमच्या हातात आहे, मात्र पटकथा लिहितानाच.

आता गच्चीवरच्या दृश्याकडे येतो, कारण तुमचा सगळा प्रश्न तिथे अडला आहे. त्याच्या दोन बाजू आहेत. एक चित्रीकरणाची आणि दुसरी पडद्याची. चित्रीकरणाबाबत कोणतीही सबब चालणार नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली मुलाला तंबाखूचा पदार्थ देणे हा गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी त्याची शिक्षा आहे. बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी तुम्हाला घ्यावीच लागणार आहे, आणि तो अर्ज भरताना हे दृश्य पटकथेत आहे हे लपवू नका. ‘आम्ही हर्बल सिगारेट वापरतो, तीत तंबाखू नसते’, असे सेटवर हमखास कोणीतरी सांगते. प्रौढ नटाच्या बाबतीत तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण बारा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसात कोणताही धूर घालण्याचे कारण मला दिसत नाही, कारण दृश्याला त्याची गरजच नसते. आणि हर्बल असली तरी पडद्यावर ती विडीच दिसते. त्यामुळे पट्टी लागतेच आणि समितीचा आक्षेपही तसाच राहतो.

पडद्याची बाजू जास्त विचार करण्यासारखी आहे. तुम्ही लिहिले आहे की मुलगा पहिल्या झुरक्याला ठसकतो, दुसऱ्या झुरक्याला सरावतो आणि मग आजोबांसारखा नाकातून धूर काढतो, आणि इथे प्रेक्षक हसावेत अशी तुमची अपेक्षा आहे. माझ्या मते नेमक्या या तीन पायऱ्यांमुळे तुमचा चित्रपट ७+ वरून १३+ वर जाईल. ठसका ही मुलाची प्रतिक्रिया आहे. दुसरा झुरका हे शिक्षण आहे. नाकातून धूर काढणे हे कौशल्य आहे, आणि हशा म्हणजे त्या कौशल्याला दिलेली शाबासकी. प्रेक्षागृहातल्या दहा वर्षांच्या मुलाला त्या अर्ध्या मिनिटात एक प्रात्यक्षिक मिळते: नीट न जमणारी गोष्ट थोडे नेटाने केली की जमते आणि जमली की लोक हसून दाद देतात.

मी तुमच्या जागी असतो तर विडी मुलाच्या ओठांपर्यंत पोहोचू दिली नसती. सुपातून उचललेली विडी, खिशात दडवलेला हात, जिना, काडेपेटीतून निसटलेल्या काड्या, वाऱ्याने विझणारी पहिली काडी, मग दुसरी, आणि तिथून कॅमेरा खाली अंगणात, जिथे आजी वळलेल्या विड्या मोजते आहे आणि तिला एक कमी भरते. वरून ठसका ऐकू येतो. आजी वर पाहते. या मांडणीत मुलाने काय केले ते प्रत्येकाला कळते, पण कसे करायचे ते कोणालाच दिसत नाही. वर आणखी एक मोठा फायदा होतो: दृश्य विडीचे न राहता हिशेबाचे होते. ठरलेली मजुरी ठरलेल्या नगांवर मिळते आणि नातवाने त्यातलाच एक नग जाळला आहे, ही गोष्ट सोलापुरातल्या त्या घराची आहे. नाकातून निघणारा धूर कोणत्याही गावातला असू शकतो. हे सुचवताना मी तुमच्या दिग्दर्शनात हात घालतो आहे याची जाणीव मला आहे, आणि तुम्हाला पटले नाही तर ठसक्यापर्यंतचे दृश्य स्पष्ट दाखवूनही ७+ साठी प्रयत्न करता येईल. दुसरा झुरका मात्र काढाच.

तिसरा प्रश्न परिणामांचा. हा बाऊ नाही. अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी कधीच सिगारेट न ओढलेल्या १० ते १४ वर्षांच्या मुलांचा पुढे काही काळ मागोवा घेतला आणि २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी चित्रपटांतून सर्वाधिक धूम्रपान पाहिले होते, त्यांच्यात ओढून पाहण्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते, आणि घरातली, मित्रांची, शाळेची परिस्थिती हिशेबात धरूनही तो फरक उरत होता. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने तर हा संबंध केवळ योगायोगाचा नसून कार्यकारणाचा आहे, असे म्हटले. त्याच वर्षी दिल्लीतल्या बारा शाळांतल्या ३९५६ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी ५९ लोकप्रिय हिंदी चित्रपट तपासले गेले होते. तंबाखूची दृश्ये सर्वांत जास्त पाहिलेल्या मुलांमध्ये तंबाखू वापरून पाहिल्याची शक्यता सर्वांत कमी पाहिलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळली. हा दुसरा अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या पाहणीचा आहे, त्यामुळे आधी चित्रपट की आधी तंबाखू, हे त्यावरून पक्के सांगता येत नाही. दोन्ही अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात, एवढे मात्र खरे.

तुमच्यासारखे दिग्दर्शक यावर एक युक्तिवाद करतात आणि तो मला अनेकदा ऐकावा लागतो: ‘आमच्याकडे ओढणारा नायक नाही, खलनायक आहे, किंवा दुःखी, आजारी माणूस आहे.’ नेमका हाच प्रश्न अमेरिकेत २००९ साली तपासला गेला आणि निष्कर्ष मोठा अडचणीचा निघाला. ओढणारे पात्र चांगले असो वा वाईट, पाहणाऱ्या मुलांवरचा परिणाम टळत नव्हता. वाईट पात्राचे धूम्रपानही मुलांना तितकेच, किंबहुना प्रत्येक प्रसंगामागे अधिकच ओढून घेत होते. याचे मला आश्चर्य वाटत नाही. बारा-तेराव्या वर्षी मुलाला चांगले वाटण्यापेक्षा मोठे वाटायचे असते, आणि पडद्यावरचा बेफिकीर खलनायक त्याला मोठा वाटतो. म्हणून ‘आजोबा शेवटी आजारी पडतात, तेव्हा आमचा संदेश चांगलाच आहे’, या तुमच्या वाक्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. शेवटचा प्रसंग मधल्या प्रसंगाची भरपाई करत नाही. प्रेक्षक दोन्ही स्वतंत्रपणे घरी नेतो.

एकट्या तुमच्या चित्रपटामुळे कोणी विडी ओढू लागेल, असे मात्र यातला कोणताही अभ्यास सांगत नाही. परिणाम साचत जातो, शेकडो दृश्यांनी. तुमचा चित्रपट त्यातला एक थेंब आहे. तो शाळेत, शिक्षकांच्या उपस्थितीत, मान्यतेच्या शिक्क्यासह दाखवला जाणार आहे, एवढाच फरक. आणि तो लहान नाही. प्रेक्षकांचे वयही पाहा. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि विडी ओढणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी ती साडेदहा वर्षांच्या आतच पहिल्यांदा ओढलेली होती. म्हणजे पाचवीतले मूल. शाळांत तुमचा चित्रपट पाहणारा प्रेक्षक नेमका तोच आहे.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण तिचा तुमच्या पटकथेशी संबंध आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या पाहणीत आपल्या राज्यात ओढणारे ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे, खर्रा-मावा चघळणारे २४.४ टक्के. चित्रपटांत मात्र धूर जास्त दिसतो, कारण धूर कॅमेऱ्याला आवडतो आणि तळहातावर मळलेला चुना-तंबाखू आवडत नाही. तुमच्या पटकथेत शेजारचे एक मास्तर वर्गाबाहेर तंबाखू मळताना दिसतात आणि ते तुम्ही सहज, वातावरणनिर्मितीसाठी लिहिले आहे. गोष्टीला त्या प्रसंगाची काहीच गरज नाही, शिक्षकाच्या हातात तंबाखू दिसणे शाळांना मुळीच रुचणार नाही, आणि महाराष्ट्रातल्या मुलांना विडीपेक्षा ती सवय कितीतरी जास्त जवळची आहे. तो प्रसंग मी पहिल्यांदा काढीन.

पट्टीने मुलांचे रक्षण होते का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या त्राग्यात ते आहे, म्हणून माझे मत सांगतो. सुरुवातीच्या चित्रफितींचा पहिल्या काही वर्षांत धक्का बसत असे. तंबाखूने कर्करोग झालेल्या भुसावळकडच्या मुकेशची चित्रफीत पाहताना थिएटर शांत होत असे, हे मी पाहिले आहे. आज मुले त्यातल्या आवाजाची नक्कल करतात. स्थिर पट्टीकडे तर सवयीने डोळा जातच नाही. अमेरिकेत उलटे आहे. तिथे पडद्यावर पट्टी नसते, पण तिथल्या वर्गीकरण मंडळाने २००७ मध्ये धूम्रपान हा वयोगट ठरवताना विचारात घेण्याचा मुद्दा असल्याचे जाहीर केले, आणि तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांची मागणी त्याच्याही पुढची आहे: धूम्रपान असलेल्या चित्रपटाला, काही मोजके अपवाद सोडून, सतरा वर्षांखालच्यांना पालकांशिवाय प्रवेश नसलेले ‘आर’ प्रमाणपत्रच द्यावे. २०१४ च्या सर्जन जनरल अहवालाचा अंदाज असा होता की असे झाले तर किशोरवयीनांतले धूम्रपान सुमारे १८ टक्क्यांनी घटेल. या मागणीतले मर्म निर्मात्याच्या दृष्टीने साधे आहे: ज्याला तरुण प्रेक्षक हवा आहे तो विडी स्वतःहून काढून टाकेल. डिस्नेने २०१५ मध्ये आणि नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये तरुणांसाठीच्या नव्या निर्मितीतून, ऐतिहासिक गरजेसारखे अपवाद ठेवून, धूम्रपान वगळण्याचे जाहीर केले तेही दबावाखालीच. मला वैयक्तिकरीत्या पट्टीपेक्षा हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, पण तुमच्यासारख्या चित्रपटाचा त्यात बळी जाऊ शकतो, हेही खरे आहे. विडी कामगाराच्या घराची गोष्ट विडीशिवाय सांगता येत नाही, आणि सरसकट नियमाला एवढा बारकावा दिसत नाही.

आपल्या नियमांत तो बारकावा मांडण्याची एक जागा आहे, आणि बहुतेक निर्माते ती वाया घालवतात. नव्या चित्रपटात तंबाखू दाखवायची असेल तर ती का आवश्यक आहे, याचे सबळ संपादकीय कारण मंडळाला लेखी द्यावे लागते. ‘कथेची गरज म्हणून’ असे एका ओळीचे पत्र जोडण्याची प्रथा आहे. तसे करू नका. तुमच्याकडे खरोखर कारण आहे, ते दीड-दोन पानांत सविस्तर लिहा. विडी वळणे हा सोलापुरातल्या हजारो स्त्रियांचा घरबसल्याचा रोजगार आहे आणि चित्रपटाचा विषयच तो आहे, हे आधी सांगा. मग तंबाखू दिसणाऱ्या प्रत्येक दृश्याची टाइमकोडसह, म्हणजे चित्रपटातल्या नेमक्या वेळेसह, नोंद द्या आणि प्रत्येकापुढे लिहा की तिथे ती कोणाच्या हातात आहे, किती वेळ आहे आणि ते दृश्य काढले तर गोष्टीचे काय बिघडते. जिथे काही बिघडत नाही असे तुमच्याच लक्षात येईल, ती दृश्ये काढूनच मग पत्र पाठवा. गच्चीवरच्या दृश्यासाठी स्वतंत्र परिच्छेद लिहा: मुलाच्या तोंडात विडी दाखवलेली नाही, त्याच्या हाती चित्रीकरणात तंबाखू दिलेली नव्हती, आणि दृश्याचा रोख कशावर आहे. समितीने शंका काढली तर हेच पत्र तुमचा आधार असते. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण रद्द झाल्यापासून पुनरीक्षण समितीनंतरचा (पहिल्या समितीच्या निर्णयाचा फेरविचार करणारी मंडळाची समिती) दरवाजा थेट उच्च न्यायालयाचा आहे, आणि पहिला चित्रपट करणाऱ्याच्या खिशाला तो परवडत नाही.

पट्टीचा त्रास कमी करण्याचा उपाय चित्रीकरणातच आहे. आजीचे विड्या वळणे छोट्या छोट्या तुकड्यांत चित्रपटभर पसरवले, तर पट्टी दर काही मिनिटांनी उगवेल आणि प्रेक्षकाचे लक्ष मोडत राहील. त्याऐवजी ते दोन-तीन सलग, भरपूर लांबीच्या दृश्यांत घ्या. पट्टी एकदा आली की थोड्या वेळाने डोळा तिला विसरतो. इतरत्र सूप चौकटीच्या खालच्या कडेबाहेर ठेवा आणि आजीचा चेहरा, खांदे, दोरा ओढणारी कोपराची हालचाल यांवर काम भागवा. छायालेखकाला आधीच सांगा की तळाची जागा पट्टी खाणार आहे, म्हणजे महत्त्वाचे काही तिथे येणार नाही. आजोबांच्या प्रत्येक प्रवेशाला विडी पेटलेली असण्याचे कारण नाही. कानावर खोचलेली विडीही तंबाखूच आहे, हे मात्र विसरू नका.

टीव्हीचे हक्क विकताना ‘ए’ चित्रपट जसाच्या तसा दाखवता येत नाही, म्हणूनही पट्टी टाळण्याच्या आशेने ‘ए’कडे जाण्याचा विचार पूर्ण सोडून द्या, मराठीत छोट्या चित्रपटाचा खर्च बऱ्याचदा तिथूनच निघतो. आणि डीआय (चित्रीकरणानंतरचे रंगांचे अंतिम काम) करणाऱ्या स्टुडिओला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा, की पट्टी, इशारे आणि चित्रफिती नसलेली मूळ प्रत वेगळी ठेवायची आहे. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून प्रमाणपत्रातून सूट मिळते, परदेशातल्या खेळांना तर आपला पट्टीचा नियम लागूच नाही, आणि तिथे तुमचा छायालेखक ज्या फ्रेमसाठी हळहळतो आहे ती त्याला पूर्ण पाहायला मिळेल. ही प्रत नंतर काढायची म्हटले तर स्टुडिओ दुप्पट वेळ आणि पैसे मागतो, म्हणून करारातच लिहून घ्या.